छतामागचा सांधा

गेल्या वर्षी मी माझ्या घरात आगीसाठीची स्प्रिंकलर यंत्रणा स्वतःच्या हातानं बसवली. हे वाक्य मी इथल्या मराठी मित्रमंडळींत बऱ्याचदा टाकलं आहे, आणि दर वेळी त्यातला एक तपशील गाळला आहे. हा लेख त्या तपशिलाबद्दल आहे. पण तिथं पोचायला थोडं पाइपांतून जावं लागेल.

आम्ही अमेरिकेत राहतो. घर दुमजली, चाळीसेक वर्षं जुनं, लाकडी सांगाड्याचं. डोंबिवलीतल्या काँक्रीटच्या इमारतीत वाढलेल्या माणसाला भिंतीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज यावा, ही सुरुवातीला फसवणूकच वाटते. नंतर सवय होते. लाकडापेक्षा जास्त काळजीची गोष्ट म्हणजे आतलं सामान. यूएल ही चाचण्या घेणारी संस्था. तिनं एक खोली जुन्या पद्धतीच्या लाकडी-सुती सामानानं आणि दुसरी आजच्या फोम-पॉलिस्टरच्या सामानानं भरून दोन्ही पेटवून पाहिल्या होत्या. पहिली पूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. दुसरी चार मिनिटांच्या आत भडकली. ती चित्रफीत मी एका रात्री पाहिली आणि मग आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याकडे बराच वेळ बघत बसलो.

आई-बाबा दर उन्हाळ्यात सहा महिने आमच्याकडे येतात. बाबा ब्याऐंशीचे. रात्री ते कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात, आणि मग त्यांना काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही. एकदा दुपारी फोडणी करपली आणि धुराचा अलार्म बोंबलायला लागला. मी टॉवेल हलवतोय, मुलगी खिडक्या उघडतेय, आणि शेजारच्या खोलीत बाबा शांत झोपलेले. तेव्हा सगळे हसलो. रात्री मला ते हसू आठवलं. आईला ऐकू येतं, पण तिचे गुडघे असे, की पलंगावरून उठून उभं राहायलाच तिला मिनिटभर लागतं.

अलार्म सांगतो आणि थांबतो. पुढचं सगळं तुम्ही करायचं: ऐकायचं, उठायचं, धुरातून दार शोधायचं. धडधाकट, शुद्धीवर असलेला माणूस त्यानं गृहीत धरलेला असतो. स्प्रिंकलर माणसाकडून काहीच मागत नाही. सिनेमात दाखवतात तसा तो धुरानंही सुरू होत नाही आणि सगळीकडे एकदम पाऊसही पाडत नाही. प्रत्येक हेडमध्ये बोटभरही नसलेली काचेची कुपी असते, तिनं पाण्याचं तोंड दाबून धरलेलं असतं. कुपीतला द्रव लाल असेल तर साधारण ६८ अंश सेल्सियसला ती फुटते, आणि फक्त तेच हेड उघडतं. फोडणी त्याच्या खिजगणतीत नसते. घरांसाठीच्या स्प्रिंकलरचं अमेरिकन मानक, एनएफपीए १३डी, पहिल्यांदा १९७५ साली निघालं. त्याचा हेतू वाचताना मला बरं वाटलं होतं. घर वाचवणं हा त्याचा मुख्य उद्देश नाही. माणूस बाहेर पडेपर्यंत आतली हवा जगण्याजोगी राहावी, एवढंच. टाकी असेल तर तिच्यात साधारणपणे दहा मिनिटांचं पाणी पुरतं. दहा मिनिटं म्हणजे आईचे गुडघे आणि वर थोडं.

नवीन घरांना हे सक्तीचं करावं का, यावर अमेरिकेत बरंच भांडण झालेलं आहे. निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत २००९ साली ही अट आली. कॅलिफोर्नियानं ती २०११ पासून लागू केली, पेनसिल्व्हेनियानं त्याच वर्षी लागू करून लगेच काढून टाकली, बहुतेक राज्यांनी मुळात घेतलीच नाही. विरोधकांचं म्हणणं, माझ्या घरातला धोका पत्करायचा की नाही हे मी ठरवीन. हे वाक्य ऐकायला स्वाभिमानी आहे, पण त्यातल्या 'मी'मध्ये किती माणसं झोपलेली असतात, हे कोणी मोजत नाही. असो. आमच्या जुन्या घराला कसलीच सक्ती नव्हती. मला हवी होती म्हणून मी बसवणार होतो.

कंत्राटदाराचा अंदाज आला तो एका बऱ्यापैकी वापरलेल्या गाडीच्या किमतीइतका. काही ठिकाणी हे काम परवानाधारकानंच करावं लागतं. आमच्या काउंटीत राहत्या घराच्या मालकाला स्वतः करता येतं, फक्त आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि छत बंद करण्याआधी इन्स्पेक्टरला दाखवायचं. मी ठरवलं, स्वतः करायचं. लोकांना कारण सांगितलं ते असं: "भाड्याचा माणूस आपल्या बाबांसाठी जेवढं मन लावेल त्यापेक्षा मी जास्त लावीन." पैसे वाचवायचे होते, हे दुसरं कारण. मला हे जमतं हे दाखवायचं होतं, हे तिसरं. या तिघांचा क्रम मी तेव्हा उलटा लावत होतो.

या बाबतीत परंपरा मात्र माझ्या बाजूनं आहे. चालण्याजोगा स्वयंचलित स्प्रिंकलर आणला तो हेन्री पार्मली या पियानो बनवणाऱ्यानं, १८७४ साली, कनेटिकटमधल्या न्यू हेवन गावी, आणि बसवला स्वतःच्याच कारखान्यात. पुढची कित्येक वर्षं ही युक्ती गिरण्या आणि गोदामांमध्ये पसरली, कारण विमा स्वस्त व्हायचा. ज्यांनी कापूस वाचवला त्यांना त्याच उपायानं कामगारही वाचवता येतात, हे उमगायला वेळ लागला. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ जण मेले, बहुतेक तरुण मुली. त्या इमारतीत स्प्रिंकलर नव्हते, आणि एक दार कुलूपबंद होतं. खटल्यात मालक निर्दोष सुटले.

माझं काम सुरू झालं हिशेबापासून. रस्त्यावरच्या नळाला दाब किती, मीटरमध्ये किती जातो, दर फूट उंचीला दाब कसा घटतो (इथं तो पौंडात मोजतात, दर फुटाला ०.४३३), पाइपाच्या घर्षणात किती जातो, आणि शेवटच्या दोन हेडना एकदम पाणी लागलं तर हाती काय उरतं. इथं माझ्या 'मन लावण्या'ला पहिला धक्का बसला. घर्षणाच्या सूत्रात प्रेमासाठी चल नाही. पाऊण इंची पाइपातून जेवढं पाणी जायचं तेवढंच जातं, मग तो मुलानं बसवलेला असो की परक्यानं. आपल्याकडे घरच्या जेवणाबद्दल जशी खात्री असते, की घरचं आहे म्हणजे चांगलंच असणार, तशीच घरच्या कामाबद्दलही असते. आईच्या हातच्या चवीबद्दल मी वाद घालणार नाही. पण उघड्यावर राहिलेलं वरण कोणाच्याही हातचं असलं तरी आंबतं.

काम तीन महिने शनिवार-रविवार चाललं. छताचे लांब पट्टे कापले, तुळयांमधून नारिंगी सीपीव्हीसी पाइप नेला, एकूण तेवीस हेड. बायको पाइप धरायची, मी सांधे चिकटवायचो: सोल्युशन लावायचं, आत ढकलताना पाव वळसा द्यायचा, अर्धा मिनिट दाबून धरायचं. मग पाणी भरून दाब दिला. एक थेंब गळला नाही. इन्स्पेक्टर आला, बोलायला मोजका, पण नजर बारीक. त्यानं प्रत्येक पट्ट्याखाली टॉर्च फिरवला, एका ठिकाणी आधाराचा क्लॅम्प वाढवायला लावला आणि सही केली. मी छत बंद केलं, रंग दिला. विमा कंपनीला कागद पाठवले, तिनं हप्त्यात सवलत दिली.

आई-बाबा यायला सहा दिवस होते. मी सगळी माहितीपत्रकं फाइलला लावत बसलो होतो आणि पाइपाच्या पत्रकातल्या एका ओळीवर थांबलो. ती मी आधी वाचलेली होती; समासात माझीच पेन्सिलीची खूण होती. हेडचा अ‍ॅडॅप्टर आधी पाइपाला चिकटवा, सांधा पूर्ण वाळू द्या, मगच हेड बसवा, असा तिचा अर्थ. कारण उलट केलं, तर आत ढकललं गेलेलं जास्तीचं सोल्युशन खाली ओघळून हेडच्या तोंडाशी साचू शकतं आणि वाळून बूच बनू शकतं.

बाविसांच्या बाबतीत मी तेच केलं होतं. बाबांच्या खोलीत मात्र एका कोपऱ्यात हवेचं डक्ट आणि तुळई यांच्यामध्ये पाना फिरत नव्हता. पाऊण तास झगडल्यावर मी हेड टेबलावरच अ‍ॅडॅप्टरमध्ये पिळलं आणि तो जोड तसाच वर नेऊन चिकटवला. रविवार संध्याकाळ होती, भूक लागली होती. तेव्हा ती ओळ आठवली नव्हती की आठवून मी ती बाजूला सारली होती, हे आज मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

या दोषाची गंमत अशी, की तो कुठल्याच चाचणीत सापडत नाही. दाबाची चाचणी गळती शोधते. बूच बसलेला सांधा गळत नाही. उलट इतरांहून पक्का असतो. इन्स्पेक्टरला खालून दिसतं ते नीट बसलेलं हेड. आणि हेड उघडून पाणी येतंय का पाहायचं, तर ते एकदा उघडलं की टाकूनच द्यावं लागतं. अशा गोष्टी मोठ्या माणसांच्याही नजरेतून सुटतात: १९९८ साली अमेरिकेत एका प्रकारची सुमारे ८४ लाख स्प्रिंकलर हेड परत बोलावली गेली, कारण आतल्या रबरी कडीमुळे ती आगीत उघडतीलच याची खात्री नव्हती. तोवर ती छतांवर निमूट चमकत होती.

म्हणजे आता परिस्थिती अशी होती, की सगळे कागद बरोबर होते, सगळ्या सह्या खऱ्या होत्या, आणि त्या छतामागे कदाचित काहीतरी चुकलंय हे सबंध जगात फक्त मला माहीत होतं. तेही माहीत नव्हतं, शंका होती.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक निबंध आहे, 'द एथिक्स ऑफ बिलीफ'. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, शंका येण्याजोगं. स्थलांतर करणारी कुटुंबं घेऊन निघायचंय. डागडुजी खर्चिक. तो मनाशी म्हणतो, इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल. देव या गरिबांना सांभाळेल. हळूहळू त्याला तसं मनापासून वाटूही लागतं. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता, पण तो बाळगायचा त्याला हक्क नव्हता. आणि जहाज पैलतीरी पोचलं असतं, तरी तो तितकाच दोषी असता.

विम्याची सवलत मीही घेतली होती, म्हणून हा माणूस मला जरा जास्तच जवळचा वाटला. पण मी त्याच्यापासून सुटायचाही प्रयत्न केला. त्यानं तपासणी टाळली होती. माझी तर झाली होती. एका सक्षम परक्या माणसानं पाहून सही केली होती. मग माझ्या शंकेचं ओझं त्याच्या सहीवर टाकता येईल का? थोडा विचार केल्यावर लक्षात आलं, की उलट आहे. त्याची सही माझ्या भरवशावर उभी होती. त्यानं पाहिलं ते दिसण्याजोगं. न दिसणारं मी नीट केलं असेल, हे त्यानं गृहीत धरलं. ते गृहीतक खोटं असू शकतं हे कळल्यावरही मी गप्प राहिलो, तर त्याच्या सहीचा अर्थ मी बदलतो, त्याच्या नकळत.

दुसरा बचाव आकड्यांचा होता आणि तो जास्त मोहक होता. मुळात घराला आग लागायची शक्यता थोडी. ती त्याच खोलीत, रात्री, आई-बाबा असतानाच लागायची शक्यता आणखी थोडी. सोल्युशन ओघळून पूर्ण बूच झालं असायची तर फारच थोडी. हे सगळं गुणलं की हाती शून्याच्या शेजारचं काहीतरी येतं. दोन रात्री मी याच गुणाकारावर झोपलो. तिसऱ्या रात्री तो मोडला, तो असा: हाच गुणाकार मी काम सुरू करण्याआधी केला असता तर स्प्रिंकलर बसवलेच नसते. तेवीस हेड बसवणं म्हणजे हा गुणाकार मला मान्य नाही, असं तीन महिने घाम गाळून म्हणणं. चोविसाव्या हातोड्याला मात्र मी तो मान्य करू पाहत होतो, कारण आता छत रंगवलेलं होतं.

बायकोला सांगितलं. ती काही क्लिफर्डच्या बाजूची नाही. म्हणाली, "बाबांसाठी पलंग हलवणारा अलार्म मिळतो, तो घे आणि झोप." (तो घेतला, चांगला आहे, उशीखाली चकती ठेवतात. पण तोही उठवतो आणि थांबतो.) मग तिनं खरा प्रश्न विचारला. "आज हे फोडशील. उद्या वाटेल, जिन्याजवळच्या हेडलाही सोल्युशन जास्त लावलं होतं. मग तेही. थांबणार कुठं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आताही पुरतं नाही. शंका ही अशी वस्तू आहे की तिला कर्तव्य मानलं तर ती घर खाते, आणि रोग मानलं तर जहाजं बुडतात. मी केलेला भेद एवढाच: जिन्याजवळच्या हेडबद्दल मला जे वाटेल ती नुसती धास्ती असेल, बाबांच्या खोलीतल्या हेडबद्दल माझ्याकडे एक घटना होती. मी एक ठरावीक चूक केली होती, तिचा ठरावीक परिणाम पत्रकात छापलेला होता. धास्तीला पुरावा नसतो. पण हा पुरावा तरी काय, तर माझी आठवण. आणि ज्या माणसानं भुकेपायी ती ओळ डोळ्यांआड केली, त्याच्याच आठवणीवर बाकीच्या बावीस हेडची मदार आहे.

स्वतः काम करण्याबद्दल माझं मत इथं बदललं. आपलं काम आपण जास्त मन लावून करतो की नाही, हे मला आता सांगता येत नाही. भाड्याच्या प्लंबरनंही त्या कोपऱ्यात कदाचित तेच केलं असतं. कदाचित रोजची सवय म्हणून नसतंही केलं. फरक इतकाच, की त्यानं केलं असतं तर ते मला कधी कळलं नसतं आणि मी निर्दोष झोपलो असतो. पैसे देऊन आपण कौशल्य विकत घेतो असं वाटतं. त्यात हे अज्ञानही घेतलेलं असतं, आणि ते काही स्वस्त नाही. स्वतः केल्यावर ते मिळत नाही.

शुक्रवारी रात्री मी ते छत कापलं. डक्ट सोडवून बाजूला घेतलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पाणी बंद करून पाइप वरून करवतीनं कापला आणि जोड खाली घेतला. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली आम्ही दोघं त्यात डोकावलो. सोल्युशन ओघळलेलं होतं. हेडच्या तोंडाच्या अर्ध्याअधिक भागावर त्याची पातळ साय धरली होती, पुरी नाही. बायको म्हणाली, पाण्याच्या दाबानं हे फाटलं असतं. असेल. किंवा सुटून पुढं जाऊन अडकलं असतं. मी ते पाण्याखाली धरून पाहणार होतो, मग नाही पाहिलं. फाटलं असतं तर मला उगाच केलं असं वाटलं असतं, आणि नसतं फाटलं तर बाकीच्या बाविसांकडे बघणं कठीण झालं असतं. थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये 'मॉरल लक'ची, नैतिक नशिबाची चर्चा सुरू केली: आपण किती दोषी, हे आपल्या हातात नसलेल्या परिणामावर का ठरावं? ते कोडं सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे परिणाम न पाहणं. तो भ्याड आहे, हे मला कबूल आहे.

नवा जोड पत्रकाप्रमाणे केला: अ‍ॅडॅप्टर आधी, पूर्ण वाळू दिला, मग हेड. इन्स्पेक्टरला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, फोटो पाठव, मंगळवारी येऊन पाहतो. आला, पाहिलं, नवी तारीख टाकली. बाबांची खोली तोवर उघड्या छताचीच होती, त्यामुळे पहिले तीन दिवस ते दोघं आमच्या खोलीत झोपले आणि आम्ही सोफ्यावर. त्याच सोफ्यावर.

जिथून सगळी लाइन सुरू होते त्या मुख्य वाल्वशेजारी, बेसमेंटमध्ये, मी प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद लावून ठेवला आहे. तेवीस हेडचा नकाशा, तारखा, बाबांच्या खोलीत काय झालं होतं, आणि बाकीची बावीस मी आठवणीप्रमाणे योग्य क्रमानं बसवली आहेत हे. 'आठवणीप्रमाणे' हा शब्द लिहिताना जरा थांबलो होतो. घरं इथं दहा-पंधरा वर्षांत विकली जातात. तिथं कोण झोपेल, त्यांना ऐकू येत असेल की नाही, मला माहीत नाही.

बायकोनं तो कागद पूर्ण वाचला. मग विचारलं, "घर विकायला काढू तेव्हा हा इथंच राहणार?"

मी म्हणालो, अजून बराच वेळ आहे.